मायच्या पायाएवढी काठी

गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात ज्याला त्याला काही ना काही हवं होतं. नवऱ्याला उंच गाडी हवी होती, समोरून दांडगी दिसणारी, रस्त्यावर आली की म्हशींनीसुद्धा बाजूला व्हावं अशी. मुलगी पुण्याहून फोनवर सांगत होती की टपाला काच असलेलीच घ्या. अरे बाप्पा! आमच्याकडं उन्हाळ्यात बाहेर ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यानं अंग भाजतं आणि हिला वर काच पाहिजे. आत बसून पापड वाळवायचे आहेत का, असं विचारलं तर तिनं फोनच ठेवला. मला एकच पाहिजे होतं. माझ्या मायला त्या गाडीत बसता आलं पाहिजे.

माय माझ्याकडं राहते, गडचिरोलीकडच्या चामोर्शीला. मी एकुलती एक, बाप गेल्यावर ती कुठं जाणार? मुलीच्या घरचं खाते म्हणून बोलणारे बोलले, अजूनही बोलतात. बोलोत. त्यांच्या घरचं तर नाही ना खात? दोन वर्षांमागं धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती हट्टानं बांधीवर, भाताच्या शेतात गेली, ओल्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, पाय सटकला आणि चिखलात अशी पडली की गुडघ्याचं काही शाबूत राहिलं नाही. प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकायचा तो वाकलाच नाही. पाय कमरेपासून टाचेपर्यंत सरळसोट, लाकडावानी. दवाखान्यातून तिला घरी आणली ती माल वाहायच्या पिकपमधून, गादी टाकून, झोपवून. त्या दिवशी ती म्हणाली, मी काय धानाचं पोतं आहो? त्यानंतर कोणत्याच गाडीत चढली नाही.

आता यात एवढं काय, म्हातारं माणूस घरी बसलं तर बसलं, असं तुम्ही म्हणाल. आमचे पाहुणेही तेच म्हणायचे. पण मायला एक भाऊ आहे. धानोऱ्याच्या पुढं, जंगलाला लागून गाव आहे त्याचं. तिच्यापेक्षा मोठा. भाऊबीज त्या दोघांनी कधी चुकवली नव्हती. कधी तो यायचा, कधी ही जायची. एका वर्षी नाल्याला पूर होता तर पलीकडच्या काठावर उभा राहून यानं हात जोडले आणि अलीकडून हिनं ताट ओवाळलं. असली ती दोघं. मायचा पाय गेला त्याच वर्षी मामाची कंबर गेली. तो घराबाहेर निघू शकत नव्हता आणि ही गाडीत बसू शकत नव्हती.

ज्या बाईला भाऊ नाही तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, अशी रीत आहे. माझ्या मायनं भाऊ जिवंत असून दोन दिवाळ्या चंद्राला ओवाळलं. अंगणात, दाराच्या चौकटीला धरून, एका पायावर. दुसऱ्या वर्षी मी तिच्या मागंच उभी होते. ताट खाली ठेवायला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "चंद्र दिसते तरी. दादा तं दिसत बी नाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणावर, ते मला तेव्हा कळलं नाही. पण मी ठरवलं, पुढची भाऊबीज चंद्राची नाही.

गाडीत माणूस कसं बसतं हे मला कोणी शिकवायला नको. आम्ही काळीपिवळीत वाढलेली माणसं. आमच्याकडं जीप भरली असं कधी होतच नाही, अजून दोघं येतातच. ड्रायव्हर म्हणतो, "सरका बाई थोडंसं," आणि बाई सरकते. कुठं सरकते, ते तिला आणि देवाला माहीत. लग्नानंतर नातेवाइकांच्या गाड्या आल्या, तरी सरकणं सुटलं नाही. पुढं पुरुष. मागं खिडकीशी सासू, दुसऱ्या खिडकीशी नणंद आणि मधल्या उंचवट्यावर, दोन्ही गुडघे हनुवटीला लावून, मी. पाच माणसांची गाडी म्हणून सांगतात ना, त्यातली पाचवी नेहमी बाईच असते.

तर मी एका दुपारी मायला खाटेवर पाय लांब करून बसवलं आणि बांबूची एक काठी तिच्या पायाला लावून, कमरेपासून टाचेपर्यंत बरोबर तेवढी कापली. टोकाला चिंधी गुंडाळली, म्हणजे गाडीच्या आत ओरखडे नकोत. ती काठी घेऊन आम्ही नवरा-बायको चंद्रपूरला गेलो. बसमधल्या एकानं विचारलं, साप मारायला चाललात का. मी म्हटलं, सेल्समन.

पहिल्या दुकानात दारावरच्या वॉचमननं काठी बाहेर ठेवायला सांगितली. मी म्हटलं, ही काठी नाही, माझी माय आहे, तिला बाहेर कशी ठेवू? नवऱ्यानं मान दुसरीकडं फिरवली. आत टाय लावलेला एक गृहस्थ होता, आमच्याच वयाचा, भारी गोड बोलायचा. त्यानं पडदा दाखवला, पडद्यावर नकाशा दाखवला, बटण दाबून गाणं लावलं. डिकी उघडून त्यात किती बॅगा मावतात ते सांगितलं. आमच्या घरात एक सुटकेस आहे, तीही मुलगी घेऊन गेली. मी म्हटलं, भाऊ, पुढचं दार उघडा. तो म्हणाला, मॅडम, लेगरूम एकदम बेस्ट आहे. मी म्हटलं, कोणाच्या लेगला?

आणि सीटच्या पाठीपासून काठी लावली. नवऱ्याच्या लाडक्या उंच गाडीत ती समोरच्या फुगीर फळीला जाऊन अडकली. बाहेरून हत्तीएवढी आणि आत पाय ठेवायला जागा नाही. शिवाय चढायला एवढी उंच, की मायला आत घालायला खाली पाट ठेवावा लागला असता आणि पाटावर चढवायला दोन माणसं. दुसऱ्या दुकानातली गाडी दिसायला नवरीसारखी, पण बसायला गेलं की विहिरीत उतरल्यासारखं. उठताना मलाच नवऱ्याचा हात धरावा लागला. मागून छप्पर एवढं उतरतं केलेलं की माझा अंबाडा टेकला. ती म्हणे हवा कापायला. मी म्हटलं, हवा कापा, माणसाचं डोकं काऊन कापता?

तिसरीकडं एका कोपऱ्यात एक उभट, चौकोनी गाडी होती. तिच्याकडं कोणी फिरकतही नव्हतं. दार जवळजवळ काटकोनात उघडायचं. सीट बरोबर मांडीच्या उंचीला, ना चढायचं ना उतरायचं, नुसतं टेकायचं. सीट मागं सरकवली, आणखी सरकवली, काठी ठेवली. आडवी गेली, सरळ, आणि चिंधीच्या पुढंही हात मावला. मी तिथंच उभ्या उभ्या म्हटलं, हीच.

नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. म्हणाला, ही गाडी आहे की पावाचा डबा? लोक काय म्हणतील? परतीच्या बसमध्ये मूल गाव येईपर्यंत आमचं भांडण चाललं, आवाज न चढवता, दात खाऊन, नवरा-बायकोचं जसं असतं तसं. त्याचं म्हणणं, आयुष्यात एकदा गाडी घेऊन राह्यलो, ती चारचौघांत शोभली पाहिजे. माझं म्हणणं, गाडी बाहेरून लोकांना दिसते, आतून आपल्याला. लोकांना हौस असेल तर त्यांनी विकत घ्यावी. माझाही पगार त्यात जाणार होता, म्हणून शेवटी त्याला गप्प बसावं लागलं. नसता गेला तरी मी गप्प बसले नसते, ही गोष्ट वेगळी.

तरीही मायला विचारल्याशिवाय घ्यायची नव्हती. दुकानातली गाडी घरी मागवली. दुकानाचा माणूस मायला सांगू लागला की आजी, आधी एक पाय आत टाका. मायनं त्याचं ऐकून घेतलं आणि गाडीकडं पाठ केली. लहानपणापासून ती बंडीत जशी बसायची तशी बसली. बैलबंडीत बाई कधी पाय टाकून चढत नाही. आधी पाठमोरी टेकते, मग मागं सरकते आणि शेवटी पाय उचलून आत घेते. माय टेकली, सरकली, दोन्ही हातांनी दुखरा पाय उचलून आत ठेवला. पाय सरळ गेला. समोर कशालाही लागला नाही. तिनं समोरच्या फळीवर हात फिरवला, मग सीटवर, आणि आम्हाला म्हणाली की अंग टेकते चांगलं. दुकानाच्या ड्रायव्हरनं तिला बाजारापर्यंत फिरवून आणलं. येताना ती खिडकीतून भाजीवालीशी बोलली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

गणपतीत गाडी घरी आली. शेजारपाजारचे जमले, एकानं विचारलं की ही दुधाची गाडी आहे का. हसू द्या. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. मायला नवं लुगडं नेसवून पुढच्या सीटवर बसवलं. मी मागं बसले. नवरा आला, स्टेअरिंगपाशी बसला, किल्ली लावली.

आणि माय उतरायला लागली.

मला वाटलं, पाय दुखला. काठी लावून, सीट मागंपुढं करून मी सगळं पुन्हा पाहिलं. पायाला काहीच झालं नव्हतं. ती खाली मान घालून, डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली, "जवायाच्या बाजूनं मी कशी बसू वं?"

इथंच तर घोडं पेंड खातं. माय एवढी वर्षं आमच्या घरात राहते, पण जावई ज्या खाटेवर बसतो त्या खाटेला तिनं कधी अंग लावलं नाही. तो घरात आला की डोक्यावर पदर. त्याला काही सांगायचं असेल तर मला सांगते, तो पुढ्यात बसलेला असताना. "जवायाले म्हना, भात थंडा होऊन राह्यला." जावई म्हणजे देव, देवाच्या मांडीला मांडी लावून बसतात का? तिच्या पिढीत कोणीच बसलं नव्हतं. मी तिच्या पायाचं माप घेऊन चंद्रपूर पालथं घातलं आणि तिच्या पदराचं माप घ्यायला विसरले. माझ्यासारखी शहाणी मीच.

मागं बसवून पाहिलं. मागं पुढच्या सीटखाली पाय जाईना. आडवं बसून, दाराला पाठ लावून, सगळ्या सीटवर पाय पसरला तर मावत होता. पण तो पाय होणार गाडी चालवणाऱ्या जावयाच्या पाठीशी, आणि माणसाकडं पाय करून बसायचं म्हणजे त्या माणसाचा अपमान. तेही ती करणार नव्हती. नवरा बिचारा वाईट वाटून म्हणाला की भाऊबीजेपुरता एखादा ड्रायव्हर करू. भाऊबीजेला ड्रायव्हर? ड्रायव्हरला बहीण नसते का? चार जणांना विचारलं, चौघंही आपापल्या बहिणीकडं चालले होते. माय म्हणाली, "राहू दे. तू काऊन येवढं करून राह्यली? चंद्र हाये ना."

त्या चंद्राचं नाव निघालं आणि माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, गाडी मी चालवते.

नवरा हसला. जोरात नाही, पण हसला. या वयात? तोपर्यंत मी स्कूटीपलीकडं काही चालवलं नव्हतं. पितृपक्ष लागला होता. पितृपक्षात नवीन काम काढत नाहीत, असं शेजारणीनं मुद्दाम येऊन सांगितलं. मी म्हटलं, माझे पितर गाडीत बसायला मिळेल म्हणून खूशच होतील. आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंगच्या क्लासला जाऊन बसले. शिकवणारा मला काकू म्हणायचा आणि प्रत्येक वळणावर डोळे मिटायचा. मी क्लच सोडला की गाडी बेडकावानी उडायची. बाजाराच्या रस्त्यावर शेळ्यांनी मला घेरलं आणि मी हॉर्न वाजवायच्या ऐवजी वायपर लावला. घरची गाडी आत घेताना कुंपणाचा एक खांब आडवा केला. नवऱ्यानं खांब पुन्हा रोवला आणि त्याला पांढरा चुना लावला, म्हणजे मला दिसावा. बघायला जमणारी माणसं जमायची, मीही दिवसाढवळ्या, बाजाराच्याच रस्त्यावर चालवायची. लपून शिकायला मी काही चोरी करत नव्हते. दसरा झाला आणि पुढं दिवाळीच्या आधी लायसन हातात पडलं.

भाऊबीजेच्या सकाळी मायनं गाडीकडं पाठ केली, टेकली, सरकली, पाय आत घेतला. मी स्टेअरिंगला बसले. नवऱ्यानं सवयीनं पुढचं दार धरलं, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो मागं जाऊन बसला. गडचिरोली ओलांडली. तसा तो म्हणाला की मागं फार हादरे बसतात. मी म्हटलं, बसतात. लग्न झाल्यापासून बसतात, तुम्हाला आज कळले.

धानोऱ्याच्या पुढं जंगल लागलं तशी माय बोलायला लागली. हे मोहाचं झाड वीज पडून गेलं होतं, त्याला पुन्हा फांद्या फुटल्या. इथं पूर्वी नुसती वाट होती, आता डांबर आलं. लवकर येणारं हलकं धान कापून झालेलं होतं, उशिरा येणारं भारी धान पिवळं उभं होतं. मांडीवर ताट, ताटात करंज्या, कापसाच्या वाती, हळदकुंकू. एकाही वळणावर तिनं ते ताट हलू दिलं नाही. मी गिअर टाकताना तिच्याकडं पाहिलं की ती म्हणायची, समोर पाह्य.

मामा अंगणात खाटेवर होता. खूप वाळला होता. गाडी पाहून त्याला वाटलं की कोणी सरकारी माणूस आला, म्हणून तो टोपी घालायला लागला. दार उघडलं, माय पाय खाली सोडून तशीच टेकून बसली आणि दोघं एकमेकांकडं पाहत राहिली. आधी मामा रडला, मग माय. मीही रडले, कशाला खोटं बोलू. पाटावर बसणं दोघांनाही शक्य नव्हतं. तो खाटेवर बसला, मी मायला धरलं, तिनं उभ्यानं ओवाळलं. दोन वर्षांची थकलेली ओवाळणी म्हणून तिनं ताट तीनदा जास्त फिरवलं.

जेवणं झाली. मामा सारखा गाडीकडं पाहत होता. उद्यापासून त्याच्या बांधीत कापणी लागणार होती. ज्या माणसानं जन्मभर धान केलं त्यानं औंदाचं उभं धान पाहिलं नव्हतं. बांधीपर्यंत त्याला चालवत नव्हतं आणि मुलांच्या फटफटीवर कंबर टिकत नव्हती. तो काही मागत नव्हता. फक्त म्हणाला की सीट मोठी दिसते, अंग टेकते का? माय म्हणाली, "तू पुढं बस दादा. पाहून घे."

मी म्हटलं, आणि तू? ती म्हणाली, मी इथीच बसतो अंगणात. त्यावर मामा म्हणाला की मग मीही नाही जात. दोघं एकाच मुशीतली. शेवटी माय काठी टेकत मागच्या दाराशी गेली, पाठमोरी टेकली आणि सरकत सरकत पलीकडच्या दाराला पाठ लावली. दुखरा पाय सगळ्या सीटवर आडवा झाला. मामाला आम्ही पुढं बसवलं. त्याची कंबर सीटला टेकली तसा त्यानं डोळे मिटून घेतले.

नवरा मागच्या दाराशी उभा होता. बसायला जागा उरली नव्हती. मायनं दोन्ही हातांनी पाय ओढून पाहिला, तो वाकणारा थोडाच होता. मग तिनं पदर पुढं घेतला आणि, देवाशप्पथ, पहिल्यांदा माझ्यामार्फत नाही, सरळ त्यालाच म्हणाली, "जवाईबापू, तुमी राहा इथी. माहा पाय तुमच्याकडं होते."

नवरा पुढं झाला. वाकला, तिची टाच दोन्ही हातांनी उचलली, सीटवर बसला आणि तो पाय आपल्या मांडीवर ठेवून दार लावून घेतलं. माय शहारली. पाय मागं घ्यायला गेली, पण त्यानं धरून ठेवला होता. म्हणाला, "असू द्या. रस्ता खराब आहे."

आमच्या लग्नात तिनं परातीत त्याचे पाय धुतले होते. मांडवातल्या सगळ्या बायकांच्या देखत, वाकून, पदरानं पुसून. तेव्हा तिचे गुडघे वाकत होते. मी आरशात पाहिलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता, पण दोन्ही हात तिच्या पावलावर होते, खड्डा आला की पाऊल जरा वर उचलत होता. ज्यांना काय म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. सासूचा पाय जावयाच्या मांडीवर होता आणि आभाळ कोसळलं नाही.

पुढं मामा बोट करून सांगत होता, हे कोणाचं धान, ते कोणाचं. मग त्याची स्वतःची बांधी आली. पिवळीधमक, लोंब्या वाकलेल्या. तो नुसता बघत राहिला. मागून माय म्हणाली की दादा, धान चांगलं झालं औंदा.

घर तिथून अगदी जवळ होतं. मी गाडी वळवली आणि लांबच्या रस्त्यानं घेतली.